काचपेटी, लोहचुंबक आणि काळी रेती

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या मासळीवर पोसलेल्या गावी कोणी मासे काचपेटीत ठेवून नुसते पाहत बसण्याचा छंद लावून घेतला, तर शेजाऱ्यांची थट्टा त्याने गृहीत धरावीच. खरा ताप देते ते काचेच्या आतील अंगास चढणारे हिरवे शेवाळ. ते काढण्याचे चुंबकी पुसणे घरच्या घरी करता येते. एक लोहचुंबक आत, एक बाहेर. बाहेरचा सरकविला की आतला काच घाशीत मागोमाग येतो. कृती इतकी सुलभ असल्यामुळेच की काय, तिच्याविषयी नाना प्रवाद रूढ आहेत.

चुंबकाच्या प्रभावाने मासे दगावतात, ही समजूत निराधार आहे. धोका आहे तो चुंबकाच्या मुलाम्यात. चकचकीत निओडिमियम चुंबक पाण्यात गंजत नाही असे विक्रेते खुशाल सांगतात. परंतु त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंडाचा असून वर निकेलचा व बहुधा त्याखाली तांब्याचा पातळ थर असतो, आणि हा थर एकदा खरवडला गेला की गंज आत शिरतो, खाऱ्या पाण्यात तर फारच त्वरेने. तांबे कोळंबी व गोगलगाय यांस अल्प प्रमाणातही विषवत आहे. म्हणून चुंबक इपॉक्सीत सर्व बाजूंनी बंदिस्त करावा, नाहीतर जुन्या ध्वनिक्षेपकातील काळे फेराइटचे कडे वापरावे. ते मुळातच लोहाच्या ऑक्साइडचे असल्याने त्यास गंजण्याची भीती नाही, मात्र त्याची ओढ कमी. पाच-सहा मि.मी. काचेस ती बहुधा पुरते. काच जाड होत जाते तशी ओढ झपाट्याने घटते हे खरे, पण म्हणून पातळ काचेवर अतिबलिष्ठ जोडी लावणे म्हणजे बोटे चिरडून घेण्याची तजवीज होय.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज रेतीविषयीचा. किनाऱ्यावरची रेती गोड्या पाण्याने धुतली की पेटीत घालण्यास निर्धोक, असे मानले जाते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या रेतीत इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे आहेत. काळबादेवी, पूर्णगड येथील इल्मेनाइटचे साठे तर भूवैज्ञानिकांच्या दप्तरी नोंदलेले आहेत. कागदात गुंडाळलेला चुंबक सुक्या पुळणीवरून फिरवून पाहावा: काळे कण मिशांसारखे ताठ उभे राहतात. हे कण कितीही धुतले तरी जात नाहीत, चुंबक त्यांस आपणहून ओढून घेतो, आणि चुंबक व काच यांच्यामध्ये सापडले की ते काचेवर कायमचे ओरखडे उमटवितात. पांढरा गारेचा कणही काचेहून कठीणच, पण तो निदान बोलावल्याशिवाय येत नाही. शिवाय अशा रेतीतील शिंपल्यांचा चुरा पाणी जड करतो, हा निराळाच उपद्रव.

भांड्यांची हिरवी घासणी आतल्या अंगास चिकटविण्याची चालही अशीच घातक. तिच्यात घर्षक कण असतात. आत साधा जाड नमदा, बाहेर मखमल, आणि साबणाचा स्पर्शही नको. आतल्या तुकड्यास थर्माकोलची जोड दिल्यास निसटलेला चुंबक तळच्या रेतीत न रुतता वर तरंगतो. तरीही चुंबक तळापासून दोन बोटे वरच थांबवावा व खालचा पट्टा हाताने पुसावा. पेटी अ‍ॅक्रिलिकची असेल, तर घरगुती चुंबकाचा नाद सोडून द्यावा हेच बरे.