शहराच्या कडेचे घर : लेखांक ६ – भाडे आणि अंतर

प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मुंबईत रुंद रस्ते काढले आणि दाटीच्या वस्त्या पाडल्या, परंतु तेथून उठवलेल्या कष्टकऱ्यांना परवडतील अशी घरे त्या प्रमाणात उभी राहिली नाहीत, हे मागील लेखांकात आले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ही टंचाई इतकी वाढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. भाडे रोखून धरल्याने नवी खोली तयार होत नाही, ही गोष्ट उघड होती. म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते निघाले आणि गिरणी कामगारांसाठी एका खोलीची ५०,००० बिऱ्हाडे बांधण्याचा संकल्प जाहीर झाला. आजच्या ‘बीडीडी चाळी’ या नावात याच खात्याची आद्याक्षरे आहेत.

या योजनेचा पैसा कर्जरोख्यांतून आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर बसवलेल्या एक रुपया नगरशुल्कातून यावयाचा होता. म्हणजे ज्या धंद्याला मजूर हवे होते, त्याच धंद्याच्या कच्च्या मालावर मजुरांच्या घरांचा काही भार टाकलेला होता, आणि तत्त्व म्हणून ही व्यवस्था न्याय्य होती. प्रत्यक्षात संकल्पाच्या सुमारे एक तृतीयांश काम झाले. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडवर (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीत १२ अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ व शौचालये सामायिक, अशी त्यांची रचना होती. शहरात टंचाई असतानाही यांतील, विशेषतः वरळीच्या, शेकडो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात तेथील काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबण्यासाठी करण्यात आला.

खोली नाही म्हणून एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत असताना सरकारी खोली रिकामी का राहावी, याचे एक उत्तर भाड्यात आहे: काँक्रीटचे बांधकाम महाग पडले, आणि सरकारने तोटा सोसून भाडे उतरवले तरी ते कामगाराला जडच वाटत राहिले. दुसरे उत्तर गिरणगावाच्या जीवनक्रमात सापडते. गिरणीतील भरती त्या काळी जॉबरच्या हाती असे. जॉबर म्हणजे कामगारांना कामावर घेणारा, त्यांच्यावर देखरेख करणारा आणि बहुधा त्यांच्याच गावाकडचा मुकादम. कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा तो ‘बदली’ कामगार, आणि अशा बदलीवाल्याला रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहणे भाग होते. पगार होईपर्यंत उधारीवर धान्य देणारा वाणी, जेवणाची सोय करणारी खानावळ आणि अडीनडीला धावणारे गाववाले हे सर्व गिरणीच्या आसपास होते. वरळी पालिकेच्या हद्दीत असली तरी त्या वेळी वस्तीच्या कडेला होती, आणि तेथे खोली घेणे म्हणजे हा सगळा आधार सोडून वर येण्याजाण्याचा खर्च पदरी घेणे होते. खात्याच्या हिशेबात हा खर्च कोठेही धरलेला नव्हता, आणि या योजनेचा मूळ दोष तोच होता. बांधकामाच्या दर्जावरून तेव्हा झालेली टीका त्यामानाने दुय्यम ठरते. कारण त्याच चाळी पुढे, शहर त्यांच्यापर्यंत येऊन पोचल्यावर, गच्च भरल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि १९५२ मध्ये केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अर्थसाहाय्यित गृहयोजना सुरू केली, जिच्यात राज्याला बांधकाम खर्चाचा निम्मा भाग अनुदान म्हणून आणि निम्मा कर्ज म्हणून मिळत असे. अनुदान परत फेडायचे नसल्याने भाडे त्या मानाने कमी ठेवता येत होते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरासारख्या मंडळाच्या वसाहती चटकन नांदत्या झाल्या, यात अनुदानाइतकाच वाटा जागेचा होता. घाटकोपर ते ठाणे या पट्ट्यात तेव्हा कारखाने वाढत होते आणि लोकल गाडीही हाताशी होती. उपनगर येथे कामापासून दूर नव्हते, कारण कामच उपनगरात आले होते. हे मंडळ व राज्यातील अशीच इतर मंडळे एकत्र करून १९७७ मध्ये ‘म्हाडा’ अस्तित्वात आली.

तिसरा प्रयोग जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ नंतर कांदिवलीच्या चारकोप आणि बोरिवलीच्या गोराई भागात झाला. त्यात सरकारने घर न बांधता रस्ते, पाणी आणि मलनिःसारण यांची सोय केलेला लहान भूखंड दिला आणि बांधकाम ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे करावे, अशी अपेक्षा ठेवली. मोठे व मोक्याचे भूखंड अधिक दराने विकून लहान भूखंडांची किंमत उतरवण्यात आली, आणि शेजारची कुटुंबे सहकारी संस्थेत बांधली गेली. आरंभी ही जागा फार लांब म्हणून नाके मुरडली गेली. आज तेथे भरलेली, मिश्र उत्पन्नगटांची वस्ती आहे. मात्र या यशात एक गोम आहे, ती अशी की जागेचा भाव चढत गेला तसा ती घेण्याची ऐपत असलेला वर्गही बदलत गेला, त्यामुळे ज्याच्यासाठी योजना आखली त्याच्याच हाती ती कायम राहते असे नाही.

गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याची तरतूद झाली आणि २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरांचे वाटप ठरले. पण अर्जदार दीड लाखाच्या वर होते आणि मुंबईतील जमीन अपुरी पडली. २०२४ मध्ये राज्य सरकारने कर्जत मार्गावरील शेलू व वांगणी येथे सुमारे ८१,००० घरांची योजना पुढे आणली, तेव्हा कामगार संघटनांनी तिला विरोध करून घर मुंबईतच हवे अशी मागणी धरली. या मागणीला हट्ट म्हणणे सोपे आहे, परंतु अर्जदार बहुतेक वृद्ध आहेत किंवा त्यांचे वारस मुंबईत पोट भरतात, आणि शेलूहून मुंबईपर्यंतचा लोकलचा प्रवास दर खेपेस दीड तासाहून अधिक वेळ खातो. घराची किंमत जाहीर करताना हा प्रवासखर्च व हा वेळ तिच्यात मिळवून दाखवण्याची पद्धत सरकारने अद्याप घातलेली नाही. कामाची ठिकाणेच हलवून शहर विभागण्याचा जो प्रयत्न सिडकोने खाडीपलीकडे केला, त्याचा विचार पुढील लेखांकात.