अर्धशिशी आणि निसर्गातील पूरक द्रव्ये

वैशाखातील दुपारी भिलाईच्या परिसरातील बोरसीसारख्या वस्तीत पुष्कळ घरांच्या खिडक्या उन्हामुळे बंद असतात. परंतु एखाद्या घरी पडदेही ओढून घेतलेले असतात, मुलांना हळू बोलण्याची ताकीद असते आणि घरातील गृहिणी कपाळास पट्टी बांधून अंधारात निजलेली असते. तिचे अर्धे डोके ठणकत असते. अन्नाचा वास, उजेड व आवाज ह्यांपैकी काहीच तिला सोसत नाही. हा विकार म्हणजे अर्धशिशी होय. शेजारीण सुंठेचा लेप सुचविते, तर कोणी 'नैसर्गिक' म्हणून एखादी गोळी आणून देतो. ह्यांपैकी काय उपयोगी, काय निरुपयोगी आणि काय अपायकारक, हे ठरविण्याचे काही साधन आहे काय?

विकाराचे स्वरूप

आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ह्या विकारास 'अर्धावभेदक' असे नाव आहे. 'मायग्रेन' हा शब्दही 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. उपचार न केल्यास वेदना ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकते. काही रोग्यांना वेदनेपूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पट अधिक आढळतो. बंगळूर व त्याच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, सुमारे चौथा हिस्सा प्रौढांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळून आले.

डोक्यातील रक्तवाहिन्या फुगल्यामुळे ही वेदना होते, असे पूर्वी मानीत. आज असे समजले जाते की, ह्याचे मूळ मेंदूच्या व मज्जातंतूंच्या अतिसंवेदनशीलतेत आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून क्षोभाची एक लाट सावकाश सरकत जाते व तिच्यामागून तो भाग काही काळ निष्क्रिय होतो, हे लेआव ह्या शास्त्रज्ञाने १९४४ साली प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले. वेदनेपूर्वीच्या नागमोडी रेषा अशाच लाटेमुळे दिसतात, असे मानतात. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारा तीन शाखांचा मज्जातंतू उत्तेजित झाला म्हणजे वेदना सुरू होते.

अपुरी किंवा अनियमित झोप, उपवास, प्रखर ऊन, मानसिक ताण व मासिक पाळी ही झटका येण्याची नेहमीची निमित्ते होत. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. असा कारखाना रात्रंदिवस चालतो. आठवड्या-आठवड्याला कामाची पाळी बदलणाऱ्या माणसास निद्रेची शिस्त राखणे किती कठीण जाते, हे निराळे सांगावयास नको.

उपायांची परीक्षा

अर्धशिशीचा झटका आपोआपही थांबतो. त्यामुळे थांबण्यापूर्वी जे काही घेतले असेल, त्याला श्रेय मिळते. शिवाय औषध घेतल्याच्या विश्वासानेही काही रोग्यांना बरे वाटते. म्हणून रोग्यांचे दोन गट करतात. एका गटास खरे औषध व दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी, परंतु औषधी गुण नसलेली गोळी देतात. कोणास काय दिले आहे हे रोग्यास व वैद्यास अखेरपर्यंत कळू देत नाहीत. दोन्ही गटांत जो फरक पडेल, तेवढाच औषधाचा गुण होय.

मॅग्नेशियम व ब-२ जीवनसत्त्व

१९९६ साली जर्मनीत रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम देऊन अशी परीक्षा झाली. अखेरच्या आठवड्यांत झटक्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. निर्गुण गोळीच्या गटात ते सुमारे १६ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका परीक्षेत मात्र लाभ दिसला नाही. मॅग्नेशियमने कित्येकांना जुलाब होतात आणि मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांस ते धोक्याचे ठरू शकते.

ब-२ जीवनसत्त्वाची परीक्षा १९९८ साली बेल्जममधील संशोधकांनी ५५ रोग्यांवर केली. मात्रा रोज ४०० मिलिग्रॅम व मुदत तीन महिने होती. शेकडा ५९ रोग्यांचा त्रास निम्म्याने किंवा अधिक घटला. निर्गुण गोळीने असा गुण शेकडा १५ जणांस आला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एक लिटर दुधात हे जीवनसत्त्व सुमारे २ मिलिग्रॅमच असते, म्हणजे एवढ्या मात्रेसाठी रोज सुमारे २०० लिटर दूध प्यावे लागेल! तेव्हा दूध, पालेभाज्या, नाचणी, तीळ व कडधान्ये ही आरोग्यास हितकर असली, तरी औषधी मात्रा आहारातून मिळत नाही. आणि ज्या पदार्थाची मात्रा औषधाची, त्याला औषधाप्रमाणेच वागविले पाहिजे.

वनस्पतींची कथा

शेवंतीच्या कुळातील फीव्हरफ्यूची पाने इंग्लंडात लोक ह्या विकारावर चघळीत असत. तिच्या परीक्षांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. गर्भवतीने तर ती वर्ज्यच करावी. सुंठेची पूड पोटात घेतल्यास झटक्यात आराम पडतो, असे इराणमधील एका परीक्षेत २०१४ साली दिसले. पण त्यात निर्गुण गोळीचा गट नव्हता.

सर्वांत बोधप्रद कथा बटरबर ह्या वनस्पतीची आहे. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी तिची शिफारस केली होती. परंतु तिच्या सेवनाने यकृतास इजा होण्याची भीती दिसून आल्यावर २०१५ साली ती शिफारस मागे घेण्यात आली. निसर्गात उत्पन्न झालेली वस्तू निरुपद्रवी असतेच, हा समज किती भ्रामक आहे, ते ह्यावरून दिसते.

सावधगिरी

वेदनाशामक साध्या गोळ्या महिन्यातून १५ वा अधिक दिवस घेत राहिल्यास त्या गोळ्याच डोकेदुखीस कारण होतात. अकस्मात उठलेली असह्य डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठणे, बोलणे अडखळणे, एका अंगाची शक्ती जाणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, ही अर्धशिशी समजून घरी बसू नये; तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

पूरक द्रव्य घ्यावयाचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, एका वेळी एकच व सुमारे तीन महिने घ्यावे. त्याबरोबर एका वहीत झटक्याची तारीख व वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेले जेवण व घेतलेली गोळी ह्यांची नोंद ठेवावी. तीन महिन्यांनी ती वही उघडली असता द्रव्याचा उपयोग झाला की नाही, ते बरेचसे कळून येते. आणि पुष्कळदा असेही दिसते की, वेळेवर जेवण व नेमाची झोप ह्या दोन बिनखर्ची उपायांनीच अंधाऱ्या खोलीतील कित्येक दुपारी वाचल्या आहेत.