आईने इस्पितळात नेलेल्या तबकड्या

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांशी आपले नाते जुने. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून त्यांच्या पोरांच्या हिप-हॉप संगीताला कुणी धांगडधिंगा म्हटले, की आम्हांस ते पटत नाही. जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला याचेच पाहा.

जन्म १९७४ चा, मोटारींच्या कारखान्यांचे शहर डेट्रॉइट. आई मॉरीन ऑपेरा गाणारी, वडील जॅझमध्ये बास वाजवणारे. त्यामुळे कान घरीच तयार झाला. कीबोर्डवादक अँप फिडलर यांनी त्याला एमपीसी हे यंत्र शिकवले. जुन्या तबकडीतला क्षणभराचा तुकडा घ्यायचा, कापायचा, नव्या ठेक्यावर बसवायचा, असे हे काम. यंत्राचा ठेका घड्याळासारखा सरळ. डिला मात्र काही ठोके मुद्दाम किंचित मागेपुढे ठेवी. त्याने ठेका जिवंत होतो.

ऐन तरुणपणी ल्युपस आणि रक्ताच्या दुर्मिळ आजाराने त्याला गाठले. लॉस एंजेलिसच्या इस्पितळात आई त्याला तबकड्या नेऊन देई, सुजलेली बोटे चोळून देई. ३१ तुकड्यांचा ‘डोनट्स’ ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी निघाला. त्यात काळ्यांचे सोल संगीत आहे, तसे इंग्लंडच्या टेन सीसी या गोऱ्या रॉक मंडळींचेही. चांगले ते त्याने कुणाचेही घेतले. तीन दिवसांनी तो गेला.

त्याचे यंत्र आईने वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिले.