राहिलेला विषय

जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचा निकाल लागतो आणि पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीत ‘अमक्याची मुलगी नापास झाली’ एवढीच बातमी पोचते. कुठल्या विषयात, कशात, किती गुणांनी, हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा ती मुलगीसुद्धा विचारत नाही, कारण गुणपत्रिका पुन्हा उघडून बघायची तिची हिंमत होत नाही. पण पुढची सगळी तयारी त्या कागदावर अवलंबून असते, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी हे समजून घेऊ, की अडतं नेमकं कुठे. महाराष्ट्रात शिकून इथेच काम करणाऱ्या परिचारिकेला परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. एएनएम किंवा जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा असते, बीएस्सी नर्सिंगसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. ती पास झालं, की १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं. म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा हीच खऱ्या अर्थाने परवान्याची परीक्षा. एक विषय राहिला तरी नोंदणी थांबते, आणि नोंदणीशिवाय सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही. अशा वेळी ‘तोवर आमच्याकडे इंजेक्शनं द्यायला ये’ असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करणं कायद्यात बसत नाही, काही चुकलं तर निस्तरावं लागतं त्या मुलीलाच, आणि अभ्यासाचे महिने हातचे जातात ते वेगळंच.

आता गुणपत्रिका. नर्सिंगमध्ये लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळे पन्नास टक्के लागतात. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत. जीएनएमच्या लेखी पेपरात साधारणपणे ७५ गुण बाहेरच्या परीक्षेचे आणि २५ अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. अंतर्गत गुण बरे असून लेखी पडलं असेल, तर विषय येतो पण तीन तासांत कागदावर उतरत नाही, असं बहुधा समजावं. प्रात्यक्षिक पडलं असेल, तर हात किंवा तोंड अडलं. अंतर्गत गुणच कमी असतील, तर त्या वर्षी वॉर्डात आणि वर्गात काय झालं ते ट्यूटर मॅडमना स्पष्ट विचारावं. तीन दुखणी वेगळी आहेत, औषध एकच कसं चालेल? तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचत बसणं हे तिन्हींवरचं सर्वांत कमी गुणाचं औषध आहे, आणि बहुतेक जणी नेमकं तेच करतात.

परदेशी जाणाऱ्या परिचारिकांना हा शोध परीक्षाच लावून देते. अमेरिकेच्या एनक्लेक्स परीक्षेत नापास झालेल्या उमेदवाराला एक अहवाल मिळतो. प्रत्येक विभागात तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर आहात, जवळपास आहात की खाली, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. आपल्याकडे तसा अहवाल मिळत नाही, तो आपला आपणच करायचा. मागच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहावं: येत होता, अर्धा येत होता, आलाच नाही. एका संध्याकाळचं काम आहे.

निकालानंतरच्या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात तीन गोष्टी विचाराव्यात. गुणपडताळणीची मुदत कधीपर्यंत? पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी? आणि लेखी किंवा प्रात्यक्षिक यांपैकी एकच राहिलं, तर पुन्हा एकच द्यायचं की दोन्ही? प्रत्येक अभ्यासक्रमाचा नियम वेगळा असतो, मैत्रिणीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

लेखी पेपराची खरी अडचण इंग्रजी. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी एकदम इंग्रजी पुस्तकातून शरीरशास्त्र शिकते, पाठ करते, आणि पेपरात वाक्य मध्येच तुटलं की पुढचं सगळं सुटतं. यावर उपाय असा: उत्तर आधी मराठीत, ओळखीच्या रुग्णावर रचायचं. महाड-पोलादपूरला विंचूदंश कोणाला सांगावा लागत नाही. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तांबड्या विंचवाच्या दंशावर इथेच संशोधन केलं आणि प्राझोसिन या औषधाने असंख्य जीव वाचले. तो रुग्ण डोळ्यांसमोर आणा: दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, आधी वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी आणि धाप. नर्सने काय करायचं? नाडी, श्वास, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजून लिहायचे. औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला एकदम उठू द्यायचं नाही, कारण रक्तदाब झपकन उतरू शकतो. धाप वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. का, कशामुळे, मी काय करणार, हा क्रम मराठीत पक्का झाला, की तो छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत उतरवायचा. लांब वाक्यांना जादा गुण नाहीत. व्याख्या, नाव दिलेली आकृती, कारणं, लक्षणं, उपचार आणि शुश्रूषा, अशी मथळ्यांखाली मांडणी असली की परीक्षकाला गुण देणं सोपं जातं. सर्वांत जास्त जागा शुश्रूषेला द्यावी, कारण पेपर नर्सिंगचा आहे.

गणितं मात्र रोज हाताने करावीत. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं आहे, संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. प्रसूतीशास्त्रात पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते याचा तक्ता, तसाच. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यापासून नोंद सुरू, सावधानतेची रेषा तासाला एक सेंटिमीटरने चढते, तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची रेषा. कोरे तक्ते छापून घ्यावेत आणि प्रत्येकावर एक काल्पनिक बाळंतीण भरावी. वाचून पार्टोग्राफ येत नाही.

प्रात्यक्षिकात पुष्कळ गुण न बोलल्यामुळे जातात. हात धुतले, पण सांगितलं नाही. रुग्णाला समजावलं नाही. पडदा ओढला नाही. शेवटी नोंद केली नाही. घरी आईला खाटेवर झोपवून प्रत्येक कृती मोठ्याने बोलत करावी, बहिणीच्या हातात पायऱ्यांची यादी द्यावी. तिला नर्सिंग येत नसलं तरी सुटलेली पायरी ती बरोबर पकडते. पितळवाडी किंवा वरंधच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना वेळ बघून, परवानगी घेऊन भेटावं. ‘ताई, माझं एवढं तपासून द्याल का’ म्हटलं तर बहुतेक जणी अर्धा तास काढतात, कारण त्या स्वतः याच वाटेने आलेल्या आहेत.

घरच्यांशी बोलणं हे यातलं सर्वांत अवघड काम. ‘नापास झाले’ एवढं सांगून गप्प बसलं, की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. ‘प्रसूतीशास्त्राचा लेखी पेपर राहिला, परीक्षा अमुक महिन्यात, फी इतकी, तोवर रोज पहाटे दोन तास मला मोकळे द्या’ असं सांगितलं, तर वडील निदान हिशोब करायला लागतात. आणि पालकांनाही सांगावंसं वाटतं: शेतीच्या लावणीत तिला उतरवा, हरकत नाही, पण ते दोन तास सोडा. पहिले काही दिवस रडू येणार, ते येऊ द्यावं. पण झोप उडाली, जेवण तुटलं, जगू नये असं वाटायला लागलं, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

हॉलतिकिटावरचं केंद्र लांबचं निघालं, तर आदल्या दिवशीच पोचावं, विशेषतः पावसाळ्यात. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, पोलादपूरच्या डोंगरांत दरडी कोसळल्या. सावित्री नदीला पूर आला की एसटी कधी सुटेल, हे डेपोतही कोणी सांगू शकत नाही. केंद्राजवळच्या मैत्रिणीकडे किंवा होस्टेलवर एका रात्रीची सोय फॉर्म भरतानाच विचारून ठेवावी.