पोच मिळाली म्हणजे काम झालं का?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, आमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमधून बाजूला चालू असलेल्या दुसऱ्या प्रोसेसला निरोप पाठवायचा असतो. तो तिला पोचला, हे नक्की कसं समजायचं?" तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे काय विचारतोय, म्हणून सभागृहात खसखस पिकली. आम्हाला मात्र प्रश्न घरचाच वाटला. मी सांगितलं, त्याला कळलं, आणि त्यानं केलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी बोलताना आपण त्या एकच धरून चालतो.

आधी एक घटना सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही एका शिक्षणसंस्थेच्या परीक्षा समितीवर होतो. तिथे अर्ज ऑनलाइन भरले जात. एका मुलीनं फॉर्म भरला, फी भरली, पडद्यावर "अर्ज यशस्वी" असं आलं. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रच नाही. यादीतही नाव नाही. तिच्याकडे पडद्याचा फोटो होता. समितीत एकजण म्हणाले, यंत्र चुकत नाही, हिनंच काहीतरी अर्धवट सोडलं असणार. तिला बसू द्यायचं ठरलं, पण ते ठरेपर्यंत पहिला पेपर होऊन गेला होता.

काय झालं होतं? फॉर्म घेणारी एक प्रोसेस, प्रवेशपत्र तयार करणारी दुसरी. आता, दोन प्रोसेस कशाला? तर ब्राउझरला उत्तर लगेच द्यावं लागतं. पीडीएफ बनवणं, शेकडो ईमेल पाठवणं, व्हिडिओ लहान करणं असली वेळखाऊ कामं खिडकीवरच करत बसलं, तर मागची रांग खोळंबते. म्हणून खिडकीवरचा कारकून अर्ज घेतो आणि आतल्या खोलीतल्या माणसाकडे, म्हणजे वर्करकडे, चिठ्ठी पाठवतो. आणि चिठ्ठीच पाठवावी लागते, बरं का. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र मेमरी देते. एकीतलं व्हेरिएबल दुसरीला दिसत नाही. मधे भिंत आहे. ती हवीच, नाहीतर एक कोसळली की दुसरीही कोसळेल.

भिंतीतून चिठ्ठी सरकवायचे मार्ग पुष्कळ. युनिक्समध्ये १९७३ पासून पाइप आहे: एका टोकानं लिहा, दुसऱ्या टोकानं वाचा. सॉकेट आहे. डेटाबेसमधलं एखादं साधं टेबलसुद्धा चालतं. पाइपची एक गंमत अशी, की त्याच्या पोटाला मर्यादा असते. लिनक्सवर ती सहसा ६५,५३६ बाइट. वाचणारा मंद असला की पाइप भरतो आणि लिहिणारा तिथेच थांबतो. म्हणजे ज्या खोळंब्यातून सुटायला वर्कर ठेवला, तोच खोळंबा पुन्हा खिडकीवर. म्हणून मोठ्या कामाला मधे रांग सांभाळणारा तिसरा ठेवतात. रॅबिटएमक्यू, रेडिस ही नावं तुम्ही ऐकली असतील.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्या. दवंडी वेगळी, टपाल वेगळं. रेडिसमध्ये पब्लिश नावाची आज्ञा आहे, ती दवंडी. त्या क्षणी जे ऐकत असतील त्यांना ऐकू जाईल. कुणीच ऐकत नसेल, तर शब्द हवेत विरले. कुठे साठत नाहीत. किती जणांपर्यंत गेलं तो आकडा पाठवणाऱ्याला परत मिळतो, पण तो शून्य आहे का हे बघण्याची तसदी कोण घेतो? आमच्या संस्थेत नेमकं हेच. रात्री दुरुस्तीसाठी वर्कर काही मिनिटं बंद होता, त्याच वेळात मुलीनं फॉर्म भरला. दवंडी पिटली, गावात कुणी नव्हतं, आणि पडद्यावर "यशस्वी".

टपाल म्हणजे रांग. निरोप रांगेत पडून राहतो, वर्कर जागा झाला की उचलतो. रॅबिटएमक्यूमध्ये वर्कर पोच देईपर्यंत निरोप खोडायचा नाही अशी सोय आहे. पोच न देताच वर्करचं कनेक्शन तुटलं, तर निरोप पुन्हा रांगेत. (रांग आणि निरोप दोन्ही टिकाऊ म्हणून नोंदवायला मात्र विसरू नका. नाहीतर रांग सांभाळणाराच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की सगळं गेलं.)

मग वर्करनं पोच द्यायची कधी? काम करण्याआधी की केल्यानंतर? आधी दिली आणि मधेच वर्कर मेला, तर काम राहिलं. काम करून, पोच देण्याच्या क्षणभर आधी मेला, तर निरोप पुन्हा येणार आणि काम दोनदा होणार. तिसरी वाट आम्ही पुष्कळ शोधली. अहो, आम्हीच काय, या शास्त्रातल्या मोठ्या लोकांनी शोधली. १९७५ च्या एका शोधनिबंधात हा पेच मांडला गेला, आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. हल्ला दोघांनी एकदमच करायचा. जासूद पाठवला, पण तो पोचला का? पोच मागवली. पण ती पोच पोचली का, हे दुसऱ्याला कसं कळणार? पोचेची पोच, तिचीही पोच. कितीही फेऱ्या मारा, शेवटचा जासूद नेहमी शंकास्पदच. जोसेफ हाल्पर्न आणि योराम मोझेस यांनी १९९० च्या निबंधात याचा संबंध सामायिक ज्ञानाशी जोडला. मला माहीत, तुला माहीत, तुला माहीत आहे हे मला माहीत, अशी ती न संपणारी साखळी. ही कल्पना तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९६९ मध्ये रूढी समजावताना वापरली होती. म्हणून म्हटलं, प्रश्न घरचा आहे.

तर मग करायचं काय? हरवण्यापेक्षा दोनदा आलेलं पत्करायचं, आणि दोनदा झालं तरी बिघडणार नाही असं काम लिहायचं. लिफ्टचं बटण दहादा दाबा, लिफ्ट एकदाच येते. "एक प्रवेशपत्र बनव" असा निरोप देऊ नका. "या अर्जक्रमांकाचं प्रवेशपत्र असलं पाहिजे" असा द्या. वर्कर आधी बघेल. असेल तर गप्प बसेल. पैसे कापण्याच्या कामात तर प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक हवाच, नाहीतर फी दोनदा जाईल. ईमेलचं काय? ते परत बोलावता येत नाही. एखादं दोनदा गेलं तर चालवून घ्यावं, असं आमचं मत.

आणखी एक फट राहते, ती फार जणांना दिसत नाही. अर्ज डेटाबेसमध्ये लिहिला, आणि रांगेत निरोप टाकण्याच्या आत खिडकीवरची प्रोसेसच बंद पडली तर? यावरचा उपाय आपल्या सरकारी कचेऱ्यांनी केव्हाच काढलाय: जावक रजिस्टर. अर्जाची नोंद आणि जावक नोंद एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये करायची. दोन्ही होतील किंवा एकही नाही. मग दुसरी प्रोसेस जावक वाचून निरोप रांगेत टाकत राहील.

राहिला पडद्यावरचा शब्द. कचेरीत अर्जावर "आवक"चा शिक्का मारतात, तो "मंजूर"चा नसतो, हे खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. वेबवरही तो शिक्का आहे. एचटीटीपीमध्ये २०० म्हणजे झालं, आणि २०२ म्हणजे घेतलं, अजून झालेलं नाही, होईलच असंही नाही. तो २०२ मुद्दामच मोघम ठेवलेला आहे. आमच्या संस्थेनं नंतर वाक्य बदललं: "अर्ज मिळाला. क्रमांक अमुक. प्रवेशपत्र तयार झाल्यावर इथेच दिसेल." प्रोग्रामिंगच्या मानानं ते पाच मिनिटांचं काम. पण ते आधी असतं, तर त्या मुलीनं चार दिवस आधी चौकशी केली असती. तिनं शब्दावर विश्वास ठेवला, यात तिची काय चूक?

हां, मागून प्रश्न येतोय. वर्कर बंद पडलाय हे कळायचं कसं? रांगेत किती निरोप आहेत, एवढंच मोजू नका. गर्दीच्या दिवशी ते वाढणारच. सर्वांत जुना निरोप किती वेळ पडून आहे, ते बघा. दोन मिनिटांच्या कामाला तासभर झाला असेल, तर आत कुणीतरी झोपलंय. आता दवंडी जाऊन रांग आली आहे, आणि तो आकडा परीक्षा विभागातल्या पडद्यावर सकाळपासून दिसत असतो.