सरकारी शिलकेचे इंगित

संसारात चार पैसे शिल्लक पडले की आपण त्याला टापटीप म्हणतो. मग १९०२ च्या मार्चमध्ये सरत्या वर्षाच्या हिशेबात सुमारे ७ कोटी रुपये शिल्लक दिसत असता, वरिष्ठ कायदेमंडळात पहिलेच अंदाजपत्रकी भाषण करणाऱ्या नामदार गोखल्यांनी सरकारचे अभिनंदन करण्याचे का नाकारले? देश तर १८९९-१९०० च्या दुष्काळातून नुकताच उठत होता.

याचे इंगित हुंडणावळीत आहे. सरकार कर घेई रुपयांत. पण कर्जाचे व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, इंडिया ऑफिसचा खर्च हे सारे लंडनला पौंडांत चुकवावे लागे. चांदी उतरू लागली तसा २४ पेन्सांच्या आसपासचा रुपया १८९४-९५ पर्यंत सुमारे १३ पेन्सांवर आला. तूट भरण्यासाठी १८८६ साली प्राप्तीवर कर बसला आणि १८८८ साली मिठाचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला.

पुढे १८९३ साली खाजगी चांदीला टांकसाळी बंद झाल्या. रुपया दुर्मिळ झाला आणि १६ पेन्सांवर चढला. आता गणित करून पाहू. १३ पेन्सांच्या भावाने १ कोटी पौंडांना साडेअठरा कोटी रुपये पडत, ते १६ च्या भावाने १५ कोटींत भागू लागले. लंडनचा वार्षिक भरणा तर दीड कोटी पौंडांहून अधिक होता. म्हणजे ५ कोटींवर रक्कम दरसाल वाचू लागली. कर मात्र तुटीच्या दिवसांतलेच राहिले. ही शिलकेची जात! शिवाय कुणब्याच्या घरातले चांदीचे गोठवाळे रुपयाच्या हिशेबात स्वस्त झाले आणि सारा भरण्याचा रुपया तेवढा महाग झाला, हे सरकारी ताळेबंदात कोठे दिसणार?

त्या मंडळात सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. तरीही १९०३ साली मिठाचा कर २ रुपयांवर आला आणि प्राप्तीवरील कराची माफी ५०० रुपयांवरून १,००० पर्यंत वाढली. १९०७ साली मिठाचा कर १ रुपयावर उतरला. महायुद्धात तो सव्वा रुपया झाला. १९२३ साली तो दुप्पट करण्याची सूचना आली, तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळाला मत होते आणि त्याने ती फेटाळली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात कर बसवलाच: मणामागे अडीच रुपये, १८८८ चाच दर.