दूरच्या पहारेकऱ्याचा निरोप

खडकी ही पूर्वापार छावणीची वस्ती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानें आंत निरोप धाडावा आणि अंमलदारानें त्यावर हुकूम द्यावा, ही रीत येथें नवी नाहीं. हल्लीं हेंच काम यंत्रें करितात. समजा, येथील एखाद्या वसतिगृहांतील विद्यार्थी बिनतारी जाळ्यावर आहेत. त्या जाळ्याचा कारभार पाहणारें यंत्र म्हणजे नेटवर्क कंट्रोलर. बाहेरची रहदारी तपासणारा सुरक्षा-सर्व्हर निराळा. कोणाच्या संगणकाविषयीं संशय आला, कीं तो सर्व्हर कंट्रोलरकडे एका ओळीचा निरोप धाडतो. त्यास सिसलॉग म्हणतात. अमेरिकेंतील बर्कले येथें एरिक ऑलमन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धत पाडली.

निरोपाच्या आरंभीं एक संख्या असते. ती १३२ आहे असें धरूं. तीस ८ नें भागा. भागाकार १६, बाकी ४. भागाकारावरून निरोप कोणत्या खात्याचा तें कळतें, बाकीवरून त्याची निकड. ० सर्वांत निकडीचा, ७ सर्वांत किरकोळ. शाळेंतील गुणांच्या अगदीं उलट!

कंट्रोलर प्रथम धाडणाराचा पत्ता पाहतो. तो यादींत नसेल तर निरोप टाकून देतो. मग अगोदर लिहून ठेवलेल्या नमुन्याशीं ओळ ताडून तींतून संशयिताचा आयपी पत्ता वेंचतो, आणि तो पत्ता ज्याच्यापाशीं असेल त्याची जोडणी तोडतो किंवा त्यास मर्यादित वर्गांत घालतो. नमुन्यांत एक अक्षर चुकलें, तर निरोप येऊनहि न आल्यासारखा.

खरी मेख पुढेंच आहे. आयपी पत्ता भाड्याच्या खोलीसारखा असतो. एकानें सोडला कीं दुसऱ्यास मिळतो. निरोप उशिरां आला, तर दोषी निसटतो आणि परीक्षेचा अर्ज भरीत बसलेला भलताच मुलगा बाहेर फेंकला जातो. सर्व यंत्रांचीं घड्याळें जुळलेलीं असलीं, तर त्या क्षणीं पत्ता कोणाकडे होता हें मागाहून तरी दाखवितां येतें. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें घड्याळें जुळविणें व नोंदी १८० दिवस जपणें बंधनकारक केलें, तें योग्यच झालें. सिसलॉगच्या जुन्या रीतींत तर निरोपावर महिना, तारीख, वेळ असते, साल नसतेंच.

शिवाय जुना निरोप साध्या पोस्टकार्डासारखा. त्यास पोंच नाहीं, आणि धाडणाराचा पत्ताहि खोटा घालतां येतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा ऑगस्ट २०१८ मधला प्रकार निराळ्या यंत्रांचा. परंतु तेथेंहि चोरांनीं मध्येंच खोटें यंत्र उभें करून पैसे देण्यास होकार देवविला, आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २००९ सालीं ठरलेल्या रीतीनें निरोप गुप्त लिपींत, धाडणाराचें प्रमाणपत्र तपासून, घेतां येतो. जुना निरोप ५१४ क्रमांकाच्या द्वारानें येतो, हा ६५१४ च्या. आपल्या कंट्रोलरनें यांपैकीं कोणतें द्वार उघडें ठेविलें आहे, हें वसतिगृहाच्या चालकांनीं तो बसविणाऱ्यास अवश्य विचारावें.